वत्सलामावशी आणि न पडणारा खटका

माझ्या वत्सलामावशीला घाबरलेलं पाहिलेली माणसं आमच्या किनाऱ्यावर शोधावी लागतील. चिंचणीच्या बाजारात एकदा एक फौजदार तिच्या पापलेटाच्या पाटीत बोट खुपसून भाव पाडत होता. मावशी म्हणाली, "साहेब, बोट काढा, मासा नासंल." फौजदारानं बोट काढलं आणि ती सांगेल त्या भावात मासा नेला. तिचा नवरा, म्हणजे आमचा काका, एका वादळात ठरल्या दिवशी परतला नाही, तेव्हा सगळा मच्छीमारवाडा बंदरावर उभा होता आणि मावशी घरात तांदूळ निवडत बसली होती. "भूक लागली का येल," म्हणाली. काका आला तो खरोखरच थेट ताटावर बसला.

अशी ही बाई एका लाल रंगाच्या जनरेटरला घाबरायला लागली, तेव्हा पहिल्यांदा आम्हाला हसूच आलं.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. जनरेटर मावशीचा स्वतःचा होता. कारखान्यांच्या भागात एका ठेकेदाराचं काम संपलं आणि तो सामान विकून गावाकडं निघाला. त्याच्या मजुरांना मावशी मासे पुरवायची. तिनं तो जनरेटर माशासारखाच निवडला. दाबून पाहिला, वास घेतला, कलता करून पोट बघितलं, आणि घेतला. दोघांनी उचलून कुठंही नेता येईल एवढाच होता. पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि रॉकेलवर चालायचा. चाकाला दोरी गुंडाळून जोरात हिसका दिला की धडधडायला लागायचा. तो हिसका वाड्यातल्या भल्या भल्या बाप्यांना जमत नसे. मावशीचा हात जाळी ओढून तयार झालेला, तिला पहिल्या झटक्यात जमायचं.

खाडीपलीकडं अणुवीज केंद्राचे दिवे झगझगायचे आणि आमच्याकडची गेलेली वीज तिच्या मनात येईल तेव्हा परत यायची. त्यामुळे बारशापासून तेराव्यापर्यंत मावशीच्या मशीनला बोलावणं असायचं.

या जनरेटरच्या अंगाला ठेकेदारानं एक डबी बसवून घेतली होती. मी तेव्हा बारावी होऊन, इंजिनिअर व्हायचं राहून, बोईसरला एका इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरमागं उभा राहत होतो. आमच्या दुकानात त्या डबीतल्या वस्तूला ईएलसीबी म्हणत. करंट आपली वायर सोडून कुणाच्या अंगातून जमिनीत जायला निघाला, की तिचा खटका आपोआप खाली पडतो आणि पुढचा पुरवठा बंद होतो. मी हे मावशीला समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "मंजे राखण्या हाय." तेच नाव पडलं. राखण्याच्या बाजूला एक बटण होतं. ते अधूनमधून दाबायचं, खटका पडला म्हणजे तो जिवंत आहे असं समजायचं, हेही मी सांगितलं होतं. पण चालू मशीन मुद्दाम बंद पाडणं मावशीच्या तत्त्वात बसत नव्हतं.

मग बारसं आलं. मावशीच्या मुलाचं, रामूचं, पहिलं पोर. रामूची बायको हिरा माहीमची. वैशाखाची दुपार, वीज गेलेली, अंगणात मांडव, आणि धूळ बसावी म्हणून मांडवात भरपूर पाणी शिंपडलेलं. घरामागं जनरेटर चालू होता, पाळण्याशेजारी कुणाचा तरी मागून आणलेला उभा पंखा. हिरानं पोर पाळण्यात ठेवलं. तिचे केस ओले, पाय अनवाणी. वारा पोरावर यावा म्हणून तिनं पंख्याचा लोखंडी दांडा धरून तो वळवायला घेतला, आणि हात दांड्यावर बसला तो निघेना.

ती ओरडली नाही. तोंड उघडं, डोळे पाळण्यावर लागलेले, आणि सगळं अंग बारीक बारीक हलत होतं. आमच्याकडं बाई अशी घुमायला लागली की तिचा एकच अर्थ घेतात. शेजारची काशीबाई म्हणाली, "अंगात आलं गो. हलद-कुंकू आना," आणि स्वतःच कुंकवाचा करंडा घेऊन हिराच्या कपाळाकडं हात न्यायला लागली.

मावशी पाळण्याच्या पलीकडं होती. तिनं बसायचा लाकडी पाट उचलला आणि हिराच्या कोपरावर भिरकावला. हात सुटला, पंखा एकीकडं पडला, हिरा दुसरीकडं. काशीबाईच्या करंड्यातलं कुंकू पोराच्या दुपट्यावर सांडलं. ते बघून दोघी-तिघींनी रडायला सुरुवात केली. पोर मात्र झोपलेलंच होतं.

हिरा वाचली. कोपरावर पाटाचा काळानिळा वण, आणि बोलायला संध्याकाळ लागली, एवढंच. सगळ्यांनी पंख्याला शिव्या घातल्या. मी घरामागं जाऊन पाहिलं, तर राखण्याचा खटका जसाच्या तसा वर. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तो हलला नाही. मागं मावशी येऊन उभी राहिली होती.

"पडला नाय?"

"नाही."

"हिरा लटकत होती तवा बी नाय?"

मी मान हलवली. मावशी तिथंच उकिडवी बसली आणि त्या डबीकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतरची मावशी ओळखू येईना. जनरेटर पडवीत गोणपाटाखाली असायचा, तर ती पडवीतून न जाता घराला वळसा घालून मागच्या दारानं आत यायची. कोंबड्यांना त्या बाजूला फिरकू देईना. घरातल्या दिव्याचं बटण दाबायचं तर आधी पदरानं हात कोरडा करी, मग हिराला हाक मारी, मग हिराला हात लावू न देता रामूला हाक मारी. रामू म्हणे, "आये, रेडिओचे सेल बी काढून ठेव, चावतील." तो एरवी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल चालवायचा, त्याला या सगळ्याची गंमत वाटायची. दोन लग्नांची बोलावणी मावशीनं परतवून लावली. काका समुद्रावरून आला की म्हणे, "मशीन इकून टाक." तर ती म्हणे, "ज्याला इकू, त्याच्या घरात बाया-पोरं नसतील का?"

एकदा मी विचारलं, मावशी, तुला समुद्राची भीती नाही आणि या डबीची कसली?

"समुद्र सांगून येतो रे कालेज," ती म्हणाली. बारावी झाल्यापासून ती मला कालेज म्हणायची. "वारा फिरतो, पान्याचा रंग फिरतो. हा काय सांगतो? पंखा मस्त फिरत होता. माज्या सुनेचा जीव चालला होता आनि पंखा फिरत होता."

मी मालकाकडून मुंबईहून नवा खटका मागवला. तो यायच्या दिवशीच नवशाची होडी आडवी आली.

नवशा म्हणजे मावशीचा शेजारी, तिला वैनी म्हणणारा. त्याची होडी खाडीच्या तोंडाशी खडकावर घासली आणि बुडाची एक फळी फुटली. भरतीबरोबर त्यानं ती कशीबशी किनाऱ्याला आणली. सकाळी सुकती लागून पाणी मागं गेलं, होडी वाळूवर कलती बसली, तशी नवशानं टेकू लावले आणि फुटकी फळी काढून टाकली. नवी फळी तयार होती, तिला भोकं पाडून बोल्ट मारायचे एवढंच काम. त्याच्याकडं जुनं लोखंडी ड्रिल मशीन होतं. ते चालवायला रामू होता. करंट द्यायला मावशीचा जनरेटर होता. फळी काढताना नवशानं हा सगळा हिशोब मनाशी केला होता, फक्त मावशीला विचारलं नव्हतं. आणि दिवस पुनवेचा. दुपारी उधाणाची भरती येणार. बुडाला भोक असलेल्या होडीत उधाण शिरलं की होडीची लाकडं वेचावी लागतात.

मी त्या दिवशी सुट्टीवर मावशीकडंच होतो. नवशा अंगणात येऊन उभा राहिला.

"वैनी, मशीन नेतो."

"राखण्या मेलाय त्याचा."

"मंग काढून टाकू त्याला," रामू आतून आला. "डायरेक जोडतो. इतके दिवस मेलेलाच होता ना? कोन मेलं?"

हिरा उंबऱ्यात पोराला घेऊन बसली होती, तिनं पदर कोपरावर ओढून घेतला. रामूनं ते पाहिलं, पण माघार घेणं त्याला जमत नसे. तो आणि नवशा जनरेटर उचलून बंदराकडं निघाले. मावशी मागोमाग गेली. त्यांनी तो होडीच्या वरच्या अंगाला कोरड्या वाळूत फळकुटांवर ठेवला. त्याच्या अंगाला तारेनं बांधलेली पहार अर्थिंगसाठी ओल्या वाळूत ठोकली. ड्रिलची वायर सोडली. मग पुढं होऊन मावशीनं हिसका द्यायची दोरी उचलली, कमरेला गुंडाळली, वरून लुगड्याचा ओचा खोचला आणि जनरेटरशेजारी वाळूत बसली.

"दोरी दे, आये."

"घे येऊन."

रामू तिच्या दुप्पट. पण तो जागचा हलला नाही.

"वैनी," नवशा म्हणाला, "पानी फिरलं का माज्या हातात काय राहनार नाय. ती होडी गेली तर मी कोनाच्या होडीवर खलाशी म्हनून जाऊ, ह्या वयात?"

"मी नाय म्हनते का? नवा राखण्या आज बोईसरला यायचाय. कालेज जाईल, आनेल. तंवर फली बसवून घ्या."

"आनि तो वेळेत नाय आला तर?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. नवशानं आपल्या लुनाची किल्ली माझ्या हातात दिली.

दुकानात खटका आला होता. तो बसवायला मालकानं जवळच्या सालवडहून कमलाकांतला बोलावून घेतलं. कमलाकांत मूळचा जळगावकडचा, एका कारखान्यात वायरमन. उरलेल्या वेळात आमच्या दुकानाची कामं करायचा. बोईसरमधला सगळ्यात भित्रा वायरमन म्हणून तो प्रसिद्ध होता. काम करताना डावा हात खिशात घालायचा, रबरी चपला कधी काढायचा नाही, आणि बंद केलेल्या वायरलासुद्धा आधी टेस्टर लावून मगच हात लावायचा. कामगार त्याला 'डरपोक भाई' म्हणायचे. आमच्या मालकाचा त्याच्यावर विश्वास होता, कारण त्याच्या आधीच्या न घाबरणाऱ्या वायरमनच्या फोटोला दुकानात रोज उदबत्ती लागायची.

"सावकाश घ्या," कमलाकांत लुनावर मागं बसून म्हणत राहिला. खटक्याचा खोका त्यानं शर्टाच्या आत धरला होता. "मला लुनाचीपण भीती वाटते."

मी सावकाश घेतली नाही. चिंचणीच्या वळणावर समुद्र दिसला तेव्हा पाण्याची पांढरी रेघ अजून लांब होती. पण वारा फिरला होता, आणि तो माझ्या तोंडावर येत होता.

बंदरावर नवी फळी दोरखंडानं आणि पाचरींनी जागेवर आवळलेली होती. रामू होडीखाली पाठीवर पडून भोकांच्या खुणा करत होता. मावशी होती तिथंच होती, शेजारी हिरा. पोर काशीबाईकडं सोडलं होतं. कमलाकांतनं एक माशांचं लाकडी खोकं उलटं टाकलं, त्यावर उभा राहिला, जनरेटर बंद आहे ना हे मला, मावशीला आणि हिराला वेगवेगळं विचारलं, आणि डबीचे स्क्रू काढले.

झाकण उघडलं तसा वास आला. होडीचा वास. कमलाकांत मागं सरला.

आतला सगळा खटका तपकिरी, चिकट थरानं माखला होता. त्यानं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दांडी ढकलून पाहिली. ती गुळाच्या पाकात रुतल्यासारखी हलली आणि मध्येच थांबली.

"यात काय ओतलंय कुणी?"

"ओतलं नाय," मावशी म्हणाली. "चोपडलं. मुशीचं तेल."

मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल आमच्याकडं होडीला चोपडतात. त्यानं लाकडाला कीड लागत नाही, खारं पाणी मुरत नाही. मावशीनं जनरेटर घेतला तेव्हा तिला पहिली काळजी खाऱ्या हवेची. म्हणून दर पुनवेला ती कोंबडीचं पीस तेलात बुडवून मशीनच्या सगळ्या सांध्यांना, खिट्ट्यांना तेल द्यायची. आणि ज्याच्यावर घरादाराची राखण, त्या डबीला तर झाकण काढून आतपर्यंत, दोनदा.

"ताई," कमलाकांत अवघडून म्हणाला, "होडीची फळी जागच्या जागी राहायला पाहिजे. हा हलायला पाहिजे. तुमचं तेल वाळून त्याचा डिंक झालाय. हा पडणार कसा?"

मावशी डबीत बघत राहिली. खालून नवशा विचारत होता, झालं का, किती वेळ. तिला ऐकू गेलं नसावं.

"मंजे मीच," ती म्हणाली.

हिरा एरवी सासूसमोर फार बोलायची नाही.

"पाट बी तुमीच मारला," हिरा म्हणाली. "आता उठा, त्यांना जागा द्या."

कमलाकांतनं जुना खटका सोडवला. कुठली तार कुठं ते लक्षात राहावं म्हणून एकीला हिराच्या पदराचा दोरा बांधला, एकीला काही बांधलं नाही. नवा खटका बसवताना स्वतःला धीर द्यायला तो काय करतोय ते मोठ्यानं बोलत होता. तेवढ्यात एक स्क्रू निसटून वाळूत पडला. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून वाळू चाळायला लागलो. सगळी वाळू स्क्रूच्याच रंगाची. खाली पाण्याचा आवाज बदलला होता, आधी लांबून येणारा घोष आता तुटक तुटक, जवळून येत होता. कमलाकांत म्हणाला, स्क्रूशिवाय तार ढिली राहील, ढिली तार मी सोडणार नाही. नवशा खालून आला आणि आमच्यावर ओरडायचं सोडून तोही वाळू चाळायला बसला. शेवटी स्क्रू मावशीच्या बोटांना लागला. जन्मभर माशांतले काटे काढणारी बोटं.

झाकण लागलं. मावशीनं कमरेची दोरी सोडली आणि हिसका दिला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. तिसऱ्याला मशीन धडधडलं, तसं तिनं दोरी पुन्हा कमरेला बांधली.

कमलाकांतनं बटण दाबलं. खट्ट. खटका पडला.

"झालं ताई."

"नाय झालं. बटन दाबलं का पडायचं ते त्याला ठाऊकच हाय. न सांगता पडतो का ते दाखव."

"वैनी, पानी," नवशा म्हणाला.

"दिसतंय मला पानी."

कमलाकांतला तिचं म्हणणं पटलं. त्याच्यासारखं घाबरलेलं माणूस त्याला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. त्यानं पिशवीतून होल्डरमध्ये लावलेला बल्ब काढला, त्याची एक तार खटक्यापुढच्या वायरला जोडली आणि दुसरी बांबूच्या काठीच्या टोकाला बांधून, तोंड फिरवून, ओल्या वाळूतल्या पहारेला लावली. बल्ब पेटला म्हणेपर्यंत विझला. खट्ट. मावशीनं पुन्हा करायला लावलं. पुन्हा खट्ट. पुढं तिचं मशीन जिथं जिथं गेलं, तिथं लग्नघरचे लोक ताटकळले तरी हा बल्बचा खेळ झाल्याशिवाय मांडवात दिवा लागला नाही. लोक त्याला वत्सलाबाईची पूजा म्हणायचे.

मग तिनं रामूकडं बघून मान हलवली.

रामू होडीखाली गेला. आम्हाला त्याचे फक्त पाय दिसत होते, वाळूतून झिरपलेल्या पाण्यात टाचा रुतवलेले. जनरेटरच्या धडधडीत दुसरा आवाज ऐकू येत नव्हता. ड्रिल सुरू झालं की मशीन थोडं दमल्यासारखं व्हायचं, त्यावरून कळायचं. एक भोक. नवशा बोल्ट घालून ठोकायचा. दुसरं भोक. मावशी डबीपासून हातभर अंतरावर उभी होती आणि खटक्याकडं पाहत होती. मध्येच रामूच्या पायांकडं. पुन्हा खटक्याकडं. पहिली लाट आली तिनं रामूचे पाय नुसते ओले केले. पुढची घोट्यांवरून गेली.

आणि खट्ट.

ड्रिलचं ओझं सुटताच मशीन एकदम हलकं होऊन भरधाव फिरायला लागलं. रामूचे पाय हलले नाहीत. नवशा हातात हातोडी घेऊन थिजला होता. हिरानं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतलेली मला नंतर कळली. मावशीचं तोंड उघडलं, पण त्यातून आवाज निघाला नाही. बाजार गाजवणारा आवाज, आणि स्वतःच्या मुलाचं दोन अक्षरांचं नाव तिला घेता येईना. बारशाच्या दिवशी हिराचं तोंड असंच उघडं होतं.

होडीखालून शिवी आली. मग रामू सरपटत बाहेर आला.

"कोनी बंद केला? भोक अर्धवट हाय."

"तुला काय झालं?" कमलाकांतनं विचारलं.

"काय होनार? हाताला मुंगी चावली आनि मशीन बंद." त्यानं तळवा पाहिला, झटकला, आणि मग आमची तोंडं पाहिली. त्याला आता कुठं उमगलं. तो हळूच वाळूत बसला. त्याच्या बसण्यात पहिल्यांदाच कारखान्याचा तोरा नव्हता.

कमलाकांतनं खटका वर केला. ड्रिलचं बटण दाबताच तो पुन्हा पडला. "ड्रिलमध्ये पाणी गेलंय. आता हे लावायचं नाही."

"मोजकी भोकं राहिली हाईत," नवशा म्हणाला. पाणी आता होडीच्या खालच्या टेकूला लागलं होतं. "वैनी, खटका बाजूला घ्या. रामू नको, मी जातो खाली. माजं मी बघतो. पानी पायाशी आलंय, आता नाय म्हनू नका."

तो हात जोडून बोलत होता. शेजारी, ज्याच्या घरची मीठ-मिरची तिच्या घरात यायची, त्यानं असं उभं राहणं तिला सोसत नव्हतं, हे दिसत होतं. ती जनरेटरकडं गेली आणि तिनं तो बंदच केला.

"तुज्या बायकोला काय सांगू? होडी वाचली?" तिचा आवाज परत आला होता, पण फाटलेला होता. "तुज्या बापाचं गिरमिट कुठाय?"

"माळ्यावर. गंजलं असेल."

"आन."

गिरमिट म्हणजे हातानं पिळून भोक पाडायचं जुनं हत्यार. ड्रिल आल्यापासून ते कुणी धरलं नव्हतं. नवशा पळाला. काशीबाई पोराला कडेवर घेऊन बघायला आली होती, ती घरोघर हाका मारत गेली. बाप्ये बहुतेक समुद्रावर, म्हणून बायाच आल्या. आणि ज्या बाईनं महिनाभर पडवीत पाऊल टाकलं नव्हतं, ती ओचा वर खोचून गुडघाभर पाण्यात होडीखाली शिरली. गिरमिटाच्या आडव्या दांड्याला एकीकडून ती, दुसरीकडून रामू. लाट आली की दोघं श्वास धरायची, गेली की पिळायची. कमलाकांत चपला काढून पाण्यात उतरला आणि पाठीनं फळी दाबून धरली.

"तुमी नाय घाबरत पान्याला?" हिरानं त्याला विचारलं.

"पाण्याला कशाला? करंटला घाबरतो," तो म्हणाला. "आणि लुनाला."

शेवटचा बोल्ट बसला तेव्हा पाणी मावशीच्या छातीला लागत होतं. सांध्यात कापूस कोंबायला पुरता वेळ मिळाला नाही. उधाणाची मोठी लाट आली, टेकू वाहून गेले, होडी एका कुशीवर कलली. वाटलं, बुडाली. मग तिनं डोकं वर काढलं आणि सरळ झाली. आत पाणी येत होतं, पण नवशा डब्यानं उपसून टाकू शकेल एवढंच. त्यानं वर बघितलं नाही, कुणाचे आभार मानले नाहीत, नुसता उपसत राहिला. त्याचे खांदे हलत होते. ते उपसण्यामुळं की दुसऱ्या कशामुळं, हे आम्ही बघत बसलो नाही.

मावशी किनाऱ्याला आली आणि कोरड्या वाळूत बसली ती तिला उठता येईना. रामू पुढं झाला आणि त्यानं हात दिला. पाणी निथळत होतं त्या हातातून. मावशी हाताकडं बघत राहिली.

"मशीन बंद हाय ना?"

"कवाच बंद हाय, आये. तूच केलंस."

"तरी हात पूस."

रामूला हसू आलं, पण त्यानं मुकाट्यानं हात सदऱ्याला पुसला. सदरा हातापेक्षा ओला होता. मावशीनं ते बघितलं आणि तो हात दोन्ही हातांनी धरला. उठली मात्र नाही. तशीच धरून बसून राहिली, आणि रामू वाकून उभा होता तो वाकूनच राहिला.